हिंमतच्या रेकॉर्डचा मधला तुकडा

१२ एप्रिल १९६७

डायरी मागच्या सालची आहे. तारखा चालतात, वार चुकतात. जसोदाकाकीने दिली. म्हणाली, कोणती बॅटरी कधी भरली ते लिहीत जा. पहिल्या आठ-दहा पानांवर तिच्या मुलाचं इंग्रजी अक्षर आहे. मला इंग्रजी येत नाही, मराठीसुद्धा चौथीपर्यंत. ती पानं तशीच ठेवली आणि पुढून सुरुवात केली.

आज जे झालं ते कोणाला सांगता येत नाही म्हणून लिहितो.

चुनीलालशेठचं लाऊडस्पीकरचं दुकान शहाद्याच्या एसटी स्टँडमागे. दुकानामागे घर, तिथे ते आणि त्यांची बायको जसोदाकाकी. मी गोडाऊनमध्ये राहतो. त्यांचा एकुलता मुलगा हिंमत बडोद्याला कॉलेजात होता, तो मागच्या श्रावणात काविळीने गेला. मी नंतर आलो, मी त्याला पाहिलेला नाही. त्याने आणलेली एक लहान इंग्रजी रेकॉर्ड घरात आहे. काकीला मशीन लावता येत नाही. रोज दुपारी भांडी झाली की ती म्हणते, "सुपडू, लाव रे मन्हा हिंमतनी ती." मी लावतो. तिला गाणं कळत नाही, मलाही नाही. पण मध्ये गाणारा गप्प होतो आणि दीड मिनिट नुसती गिटार वाजते, ती आमच्या बेंजोसारखी टिंगटिंग नाही. कळकात भुंगा अडकावा तशी घरघरते, आणि एक सूर तर लांबतो तो संपतच नाही. पहिल्या दिवशी ऐकली तेव्हा माझ्या हातातली सोल्डरची कांडी तशीच राहिली.

काल अक्कलकुव्याकडच्या लग्नात मशीन घेऊन गेलो. मी आणि धनसिंग हमाल. निघताना ती रेकॉर्ड मी न विचारता पिशवीत टाकली. मोठ्या कर्ण्यातून कशी वाजते ते ऐकायचं होतं. तिथे लावली तर नवरदेवाचा बाप पळत आला, "मशीन बिघडनं का रे?" धनसिंग हसून हसून खाली बसला.

येताना लॉरीत सगळं भरलं, रेकॉर्ड मशीनच्या पत्र्याच्या झाकणावर राहिली. भर दुपारी चार तास. शहाद्याला उतरवली तेव्हा तिच्या कडेला लाटा आल्या होत्या.

१३ एप्रिल

काकी सध्या बिबड्या करते. ज्वारीच्या पिठाचे मोठाले पापड, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, धोतर पसरून त्यावर वाळत टाकते. ऊन फार झालं की बिबडीची कड वर वळते. मग ती ओली आहे तोवर काकी तिच्यावर थाळी उपडी घालते आणि दगड ठेवते. संध्याकाळी बिबडी सपाट.

मला वाटलं, हेच करायचं.

काकी खाली गेल्यावर धाब्याच्या कोपऱ्यात रेकॉर्ड ठेवली, वर पितळी थाळी, थाळीवर पाच शेरांची दोन वजनं. चार वाजता पाहिलं. सपाट झाली होती, अगदी आरशासारखी. उचलली तर थाळीच्या तळावर ठिपक्यांनी कोरलेलं नाव रेकॉर्डवर उलटं उमटलेलं. सौ. जसोदाबाई चुनीलाल. फुगीर ठिपके, बोटाला लागतात.

गोडाऊनमध्ये हळू आवाजात लावून पाहिली. गाणं अर्धं येतं. गिटार सुरू व्हायच्या जागी सुई नावावर चढते आणि खट् करून शेवटाला जाते.

१४ एप्रिल

सकाळी पिशवी भरून स्टँडवर गेलो. मलकापूरच्या हॉटेलातून असाच निघालो होतो, भुसावळच्या बँडमधून निघालो, दोंडाईचाच्या जिनिंगमधून निघालो. जिथे चूक झाली तिथे दुसऱ्या दिवशी थांबायचं नाही, एवढं एक मला येतं. दोंडाईचाची गाडी लागली होती.

तेवढ्यात काकी आली, डोक्यावर दळणाचा डबा. म्हणाली, "बरं झाया भेटना. हाऊ डबा धर, मन्ही मान मोडी गयी." माझ्या पिशवीकडे तिने पाहिलं की नाही कोण जाणे. मी डबा धरला. वाटेत म्हणाली, "आखाजीले हिंमतनी घागर भरसूत. पहिली शे त्यानी. तवय ती वाजाले पाह्यजे."

या लोकांत आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. ज्याला वर्ष झालं नाही त्याची घागर मोठी असते.

मी म्हणालो, "काकी, मशीनची सुई झिजली. धुळ्याहून मागवावी लागेल."

"ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली. "येई तवय येई."

आखाजी बारा मेला आहे.

कालची ती थाळी मी धाब्यावरच विसरलो होतो. तिच्या तळाला काळं लागलेलं होतं. आज पाहतो तर राखेने लख्ख घासून मांडणीवर उभी. धनसिंगला विचारलं, तो म्हणतो मी कशाला भांडी घासू, मला काय सासरी पाठवलंय?

१८ एप्रिल

शेठना सांगून धुळ्याला जाऊन आलो, सुईच्या निमित्ताने. तीन दुकानं फिरलो. तशी रेकॉर्ड कोणाकडेच नाही. नाव विचारतात, मला ते वाचता येत नाही. मी तोंडाने वाजवून दाखवलं तर एक दुकानदार म्हणाला, पोट बिघडलंय का?

परत येताना गाडीत सुचलं. मी भुसावळच्या बँडमध्ये दोन वर्षं बेंजो वाजवलाय. माझा बटणांचा बेंजो गोडाऊनमध्येच आहे. तो मधला तुकडा मी वाजवीन. काकी तशीही मशीनजवळ येत नाही. पडद्यामागून वाजवला तर तिला काय कळणार?

धनसिंगला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मंग गानारा बी तूच व्हशी? इंग्रजीमा?"

म्हटलं, गाण्याच्या वेळी भोंग्याची वायर काढायची, म्हणायचं बिघडलं. गिटारच्या वेळी जोडायची.

तो म्हणाला, माझ्या धडगावकडे यापेक्षा कमी अकलेच्या बकऱ्या आहेत पण त्या दूध देतात.

२२ एप्रिल

दुपारी सगळे झोपतात तेव्हा गोडाऊनमध्ये बसतो.

सुरुवात सापडली. तीन पायऱ्या वर, एक खाली, पुन्हा तीन वर. पण बेंजोचं बटण दाबलं की सूर एकदम ठणकन येतो आणि मरतो. त्या गिटारचा सूर घसरत येतो, जसा माणूस बोलता बोलता आवाज चढवतो. बटणात ते नाही. दोन सुरांच्या मधली जागा बटणांनी खाल्लेली आहे.

आज बटणांची पट्टीच उचकटून काढली. आता नुसत्या तारा. त्यावर लॉरीच्या इंजिनातली एक जुनी गुळगुळीत पिन घासून पाहिली. घसरतो! सूर घसरतो. मधली सगळी जागा मोकळी झाली. हात मात्र कुठे थांबायचं ते विसरतो, कारण आता सांगायला बटण नाही.

२६ एप्रिल

जुन्या माईकच्या पोटातली डबी काढून बेंजोच्या लाकडाला सुतळीने बांधली आणि मशीनला जोडली. आवाज मोठा झाला पण स्वच्छ, पातळ. देवळातल्यासारखा. घरघर नाही.

काकीने धनसिंगच्या हाती ताक पाठवलं. निरोप, "असा काय उपाशी पोटे ठोकी ऱ्हायना? पहिले खाय म्हनाव."

मला वाटतं तिला त्रास होतो आवाजाचा. उद्यापासून दार लावून वाजवीन.

२७ एप्रिल

दार लावलं होतं. काकीने येऊन उघडलं. म्हणाली, गोडाऊनमध्ये कुबट वास मारतो, उघडं ठेव.

३० एप्रिल

आज एक गोष्ट सापडली ती लिहून ठेवतो.

आमच्या धंद्यात माईक कर्ण्यासमोर आला की शिट्टी मारतो. ती मारू नये म्हणून माईक कुठे, कर्णा कुठे, हे बघणं हेच माझं काम. शिट्टी बसली की लोक म्हणतात, हा माणूस नवा आहे. आज वाजवता वाजवता बेंजो घेऊन भोंग्याकडे तोंड केलं तर तार छेडून हात काढला तरी सूर थांबेना. स्वतःच धरून राहिला. मी मागे सरकलो तर बारीक झाला, पुढे झालो तर फुगला. तो न संपणारा सूर हाच! ज्याला आम्ही वर्षभर शिव्या देतो तो.

तिकडच्या त्या गिटारवाल्यालाही कोणी म्हणालं असेल, हा माणूस नवा आहे.

१ मे

केळीवाल्यांच्या लग्नाला गेलो होतो. वेळ नाही.

४ मे

काकीने बोलावलं. म्हटलं आता विचारणार. ती हिंमतच्या खोलीत होती. त्याचा जुना रेडिओ दाखवून म्हणाली, "हाऊ लयी जाय. तठे उपेग व्हयी. आठे नुसता धूळ खाई ऱ्हायना."

मागचं झाकण उघडलं. आतल्या स्पीकरचा कागद एका बाजूने टीचभर फाटलेला, उंदराने किंवा कशाने. मी म्हटलं फाटका आहे. तरी जोडून पाहिला. बेंजोची तार छेडली. कागदाच्या फाटक्या कडा एकमेकींवर घासतात आणि भुंगा बोलतो. तीच घरघर. धनसिंग पोत्यावर झोपला होता तो उठून बसला.

आता सगळं आहे. फक्त मधला एक भाग आठवत नाही. लांब सूर संपल्यावर तो खाली कसा येतो? दहा वेळा वाजवलं, दहा वेळा वेगळं. रेकॉर्ड तर नावावर उडी मारते. माझ्या डोक्यातूनच गेलं तर आता ते जगात कुठे ऐकायचं?

५ मे

नशीब म्हणतात ते हे. सकाळी काकी ओट्यावर गहू निवडत होती. मी बॅटरीत पाणी घालत होतो. काकी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती, बायका गुणगुणतात तसं. आणि एकदम तेच! लांब सूर, मग दोन पायऱ्या खाली, थांबून एक वर, मग घसरण. बॅटरीचं पाणी माझ्या पायावर सांडलं. तिने ते तीनदा म्हटलं. मी तिथूनच गोडाऊनमध्ये पळालो आणि बसवून टाकलं.

काकी कधी गात नाही. आजच कसं सुचलं तिला, आणि तेही नेमकं तेवढंच.

धनसिंगला सांगितलं. तो म्हणाला, "सुपडू, काकीले मालूम शे रे."

म्हटलं काय मालूम आहे?

"समदं."

म्हटलं येडा आहेस. मालूम असतं तर पोराची शेवटची वस्तू मोडणाऱ्याला ती ताक पाठवील? माझ्या आईने तर उलथणं घेतलं असतं.

तो म्हणाला, बकऱ्या बऱ्या.

८ मे

आज पूर्ण वाजला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दीड मिनिट. घसरण, घरघर, लांब सूर, सगळं. एकदा नाही, चारदा. धनसिंगने ऐकला आणि काही चेष्टा केली नाही. म्हणाला, "पह्यलं बी असंच वाजे. हिंमत लावे, आन काकी आतून वरडे." तो हिंमत असतानापासून इथे आहे.

हात दुखतात. पण हातांना आता जागा माहीत आहेत. डोळे मिटले तरी थांबतात.

वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मी सुरू करून संपवलं.

१० मे

सांगून टाकावं असं वाटलं. काकी पुरणाची डाळ पाखडत होती. म्हणालो, "काकी, ती रेकॉर्ड..."

"तू पहिले डांगर आन बरं बजारमाईन," ती म्हणाली. "घागरवर ठेवाले. गोड देख, वास लयीसन आन. बठ्ठा लोकेसनं पहिले जाय." डांगर म्हणजे आपलं खरबूज.

गेलो. दोन आणले, दोन्ही गोड निघाले. नंतर तिच्या जाऊबाई आल्या, सांजोऱ्या करायला बसल्या. बोलायला जागाच राहिली नाही.

११ मे

चुनीलालशेठ कधी गोडाऊनमध्ये येत नाहीत. हिंमत गेल्यापासून ते जास्त बोलतच नाहीत. दुकानात बसतात, वायरी गुंडाळतात, सोडतात, पुन्हा गुंडाळतात. आज मी पाणी भरून आलो तर ते माझ्या बाकड्यावर बसलेले. समोर हिंमतचा रेडिओ, हातात ब्रश.

"फाटेल व्हता," ते म्हणाले. "सांधी दिना." पतंगाचा बारीक कागद आणि धावड्याचा डिंक. अशी सफाई की सांधा दिसू नये. वीस वर्षं हा हात स्पीकर सांधतोय. "उद्याले तू काहीतरी वाजाडनार शे, ती सांगे. फाटेल वस्तू नको मन्हा पोऱ्याना नावनी."

मी म्हटलं, "बरं केलं शेठ."

ते गेल्यावर वाजवून पाहिलं. पुन्हा देवळातला आवाज. पातळ, धुतलेला. भुंगा गेला.

ब्लेड हातात घेतलं. सांध्यावर टेकवलंसुद्धा. डिंक अजून ओला होता. शेठच्या बोटाचा एक ठसा त्यात दिसत होता. ब्लेड ठेवून दिलं.

पिशवी भरून ठेवली आहे. पहाटेची गाडी पाचला आहे.

आणि हे आता सुचतंय, ती काय म्हणाली शेठना? 'काहीतरी वाजवणार आहे.' रेकॉर्ड लावणार आहे असं नाही म्हणाली. बायका असं मोघम बोलतात.

१२ मे, आखाजी

गाडी गेली, मी गेलो नाही. पाचला उठलो, पिशवी घेतली. अंगणात काकी नवी घागर धूत होती. म्हणाली, "उठना का? हाई उचलू लाग." भरलेली घागर दोघांनी उचलून घरात ठेवली. वर डांगर, आंबे, सांजोऱ्या. मग माझी पिशवी पुन्हा गोडाऊनमध्ये.

दुपारी आगारी टाकली. म्हणजे चुलीतले निखारे बाहेर काढून त्यावर पुरणपोळी, भात, तूप घालतात, मेलेल्याच्या नावाने. शेठ तुपाची पळी घेऊन बसले होते. काकी स्वयंपाकघरात, मागे. अजून पोळ्या चालू होत्या.

मला तिने सकाळीच सांगितलं होतं की आगारीच्या वेळी लाव. कुठे बसू विचारलं तर म्हणाली, "तठेच. हिंमतनी खोलीमा. दार उघडं ऱ्हाऊ दे, मी चुल्हापान ऱ्हासू." पडद्याचं वगैरे काही राहिलंच नाही. मी बेंजो घेऊन उघड्या दारात बसलो, सगळ्यांना दिसत होतो. गाण्याची वायर काढायची, बिघडलं म्हणायचं, ते सगळं विसरलो. एकदम मधला तुकडाच सुरू केला.

तीन पायऱ्या वर. घसरण बरोबर आली. पण आवाज पातळ. सांधलेल्या कागदातून साखरपाणी यावं तसा. शेठ निखाऱ्याकडे बघत होते. मला वाटलं, हा आवाज म्हणजे खोटं बोलणं आहे. म्हणून मी मशीनचा कान पिळला. अर्ध्यावर होता तो पाऊणवर, मग पुरा. एवढा आवाज त्या स्पीकरला झेपत नाही. सांधा थरथरला, कागद कण्हायला लागला आणि तिथून भुंगा निघाला. फाटक्यापेक्षाही दाट. मी स्पीकरकडे तोंड केलं, लांब सूर धरला. मांडणीवरची भांडी वाजायला लागली. डांगर घागरीवर हललं.

आणि आतून काकी ओरडली.

"अरे कमी कर रे तो आवाज! मन्हा कान फुटतीन!"

माझा हात मशीनकडे गेला. मी आवाज खाली आणला. काय चुकलं कळेना. महिनाभर ज्यासाठी बसलो तेच तिला नको होतं.

शेठची पळी निखाऱ्यावर तशीच धरलेली होती. तूप गळत होतं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "वाढाव."

मी म्हटलं, शेठ, काकी...

"वाढाव म्हनतस ना. आखो वाढाव."

वाढवला. पुरा. काकी पुन्हा ओरडली, आधीपेक्षा जोरात. "घर पाडस का रे, मेल्या? शेजारना लोके काय म्हनतीन? कमी कर!" तिच्या जाऊबाईचा लाटण्याचा आवाज थांबला. शेठनी पळी खाली ठेवली आणि उपरण्याने तोंड पुसलं. निखाऱ्याचा धूर होता फार. मी लांब सूर सोडला, दोन पायऱ्या खाली, थांबून एक वर, आणि घसरत घसरत संपवलं.

काकी दारात आली. हाताला पीठ, एक हात कमरेवर, तोंड लाल. मी उठून उभा राहिलो. म्हटलं आता खरं सांगून मोकळं व्हावं.

"काकी, रेकॉर्ड मी..."

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पहिले हाई सांग. आते रोज दुपारले असाच तरास देशी का तू माले?"

"नाही काकी. देवाशप्पथ. पुन्हा नाही."

तिने हाताचं पीठ पदराला पुसलं.

"काब्र नही?" ती म्हणाली. का नाही, एवढंच विचारलं आणि पोळी जळते म्हणून आत गेली.

मी बॅटरी पाहिली. एवढ्या आवाजाने पार उतरली होती. ती चार्जिंगला लावली आहे. उद्या दुपारपर्यंत भरेल.